फाटकाबाहेरचं हसू

धाकटीच्या आईस, प्रभूच्या नावाने सलाम.

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत बरी आहे, खोकला किरकोळ.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी पश्चात्तापासाठी बोलावलं की आमचा मुकादम सर्वांआधी उभा राहतो. परवा तर रडला. अन् फाटकाबाहेर येताच तिथल्या झाडूवालीच्या लंगडण्याची नक्कल, तिच्यासमोरच! सगळे हसले, मीही हसलो. मग स्वतःचीच किळस आली.

तिची माफी मागितली. म्हणाली, "बाबा, त्यांची खोडच आहे. तुम्ही हसाल असं वाटलं नव्हतं."

प्रभू कधी येईल, नेम नाही. सूनबाईशी अबोला सोडलास का? रविवारची वाट पाहू नकोस. बोललीस की लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझा म्हातारा