तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

दक्षिण लेबनॉन, टेकडीवरची चौकी
२८ डिसेंबर १९८४

तीर्थस्वरूप अट्रॅक्टाआत्यास,

तुझा भाचा कॉर्पोरल मलाखी टुओही याचा वाळूच्या गोण्यांमागून कडक सलाम. पत्रास कारण काही नाही, सहज लिहितो आहे. तुझी कंबर कशी आहे? गाढवी कशी आहे? (दोघींची चौकशी एका दमात केली म्हणून रागावू नकोस. थंडीत दोघी सारख्याच लंगडता आणि दोघींना मदत केलेली खपत नाही.) मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे गोळी लागलेली नाही, बिघडलेलं पोट सुधारलं आहे, फक्त महिनाभर पोटभर बोललेलो नाही. तुझं नाताळचं पार्सल मिळालं. केक शाबूत आहे, मोज्यांना आपल्या चुलीत जळणाऱ्या टर्फच्या मातीच्या धुराचा वास येतो, त्यामुळे ते अजून पायांत घातलेले नाहीत, उशीखाली ठेवले आहेत. सोबतच्या चिठ्ठीतली बातमीही वाचली. फेब्रुवारीपासून वरची खोली शाळेतल्या नव्या बाईंना, मिस गिल्डियांना, देणार आहेस. फार उत्तम विचार. शिक्षिका स्वच्छ असतात, लवकर झोपतात. मला खरंच आनंद झाला.

तर आता माझी हकीकत ऐक. आपली आयरिश पलटण पलीकडच्या खोऱ्यात आहे आणि मी इथे शांतिसेनेतल्याच फिनलंडच्या लोकांत एकटा. दोन्ही पलटणींचं वायरलेसवर बोलणं चालू राहावं म्हणून आपला एक माणूस त्यांच्या चौकीवर बसवायचा होता. सार्जंटने मला आणि लीट्रिमच्या डेव्हानीला उभं केलं आणि म्हणाला, दोघांतला एक इथेच राहू शकतो, ठरवा. मी म्हटलं, डेव्हानी, तू राहा. तो म्हणाला, छे छे, तू राहा, तुझा सर्दीचा कोठा. आम्ही एकमेकांना असा मान देत राहिलो. शेवटी दुर्दैवाने मी जिंकलो आणि ट्रकमध्ये बसलो.

फिन लोक सज्जन आहेत. शिस्तीचे, मेहनती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बोलत नाहीत. त्यांच्यात शब्द रेशनवर मिळतात की काय, देव जाणे. पहिल्या सकाळी त्यांचे कॅप्टन हेलमिनेन किटली घेऊन माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "कॉफी?" आता मी तुझ्या हाताखाली वाढलेला मुलगा. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तर तो हावरट, दुसऱ्याला म्हटलं तर उतावळा. तिसऱ्यांदा तू किटली टेबलावर आपटतेस, तेव्हा तो म्हणतो, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर अर्धा कप. आणि मग तीन कप पिऊन उठतो. म्हणून मी शिरस्त्याप्रमाणे म्हणालो, "नको हो, कशाला उगाच त्रास." कॅप्टननी मान डोलावली आणि ते पुढे गेले. मी कप पुसून बराच वेळ वाट पाहिली. आत्या, ते परत आलेच नाहीत.

तीच गत सॉनाची. या लोकांनी दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्यांची एक खोपटी उभारली आहे, तीत दगड तापवून वाफ करतात आणि आत उघडे बसतात. एकाने दारातून विचारलं, "सॉना?" मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या की." ते गेले. तेव्हापासून दर शनिवारी सगळी चौकी लालबुंद होऊन बाहेर येते आणि मी थंड पाण्याच्या बादलीपाशी स्तोत्रं म्हणतो. पंधरा दिवसांनी चौकीच्या वहीत कॅप्टननी माझ्याबद्दल एक ओळ लिहिल्याचं कळलं (त्यांच्या वायरलेसवाल्याने मला ती वाचून दाखवली, कौतुक म्हणून). ओळ अशी: "आयरिश माणूस. काही लागत नाही."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे नाताळच्या विमानाचं निघालं. मुख्य छावणीकडून निरोप आला की डब्लिनला जाणाऱ्या विमानात एक जागा रिकामी आहे. कॅप्टन माझ्याकडे आले. "एक जागा. तुला हवी?" त्या क्षणी मला तुझी खिडकी दिसली, खिडकीतली नाताळची मेणबत्ती दिसली, मेणबत्तीमागे तुझा तो टोपीसकटचा चेहरा दिसला. आणि माझ्या तोंडाने मला न विचारता उत्तर दिलं, "छे, बायकापोरांवाल्या कुणाला तरी द्या." कॅप्टन म्हणाले, "चांगला माणूस." आणि छावणीला तसं कळवून टाकलं. मी तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत पाव तास उभा होतो. त्यांना वाटलं मला काहीतरी लिहायचं आहे, म्हणून त्यांनी मला पेन्सिल दिली. याच पेन्सिलीने हे पत्र लिहितो आहे. त्या जागेवर बसून डेव्हानी घरी गेला, आणि त्याला ना बायको ना पोरं.

नाताळच्या आदल्या दिवशी चार वाजताच मी गोण्यांच्या फटीत मेणबत्ती लावली. एका फिन शिपायाने ती अदबीने विझवली, कारण टेकडीवरचा उजेड पाहून समोरचे नेम धरतात. बरोबरच होतं त्याचं. पण त्या वेळी मला फार एकटं वाटलं, आत्या, हे तुला सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीखालच्या अबू नादिरच्या दुकानात गेलो. हा म्हातारा सहा वर्षं आपल्याच पलटणींना साबण आणि काडेपेट्या विकतो आहे, इंग्रजी त्यांच्याकडूनच शिकला, त्यामुळे बोलतो थेट रॉसकॉमनच्या गुरांच्या बाजारातल्या दलालासारखा.

"काय रे मलाखी, तोंड असं का, गाय आटल्यासारखं? चहा घे."

"नको."

"घे रे."

"नको, आत्ताच झाला." (झाला नव्हता.)

"घेतोस, की ओतू डोक्यावर?"

"बरं, अर्धा कप."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा फार गरम आहे असं मी त्याला सांगितलं. मग तिसऱ्या कपाला सगळंच सांगितलं, विमानाचं आणि आपल्या बसथांब्याचंही. तुला आठवत असेल. तू म्हणालीस, ही फेरी संपली की फौज सोड आणि इकडेच राहा ना, वरची खोली रिकामीच आहे. मी म्हणालो, छे, तुला कशाला अडचण. तू म्हणालीस, अडचण कसली, एकटीला घर खायला उठतं. मी म्हणालो, नको गं, कुठे या वयात तुला व्याप. आणि तेवढ्यात ती बस जन्मात पहिल्यांदा चार मिनिटं लवकर आली.

अबू नादिरने बोटं मोजली. "म्हणजे दोनदा झालं. तिसऱ्यांदा?"

"बस आली म्हटलं ना."

"मग ती बिचारी अजून थांब्यावरच उभी आहे, गाढवा."

आता दुकानदाराचं काय मनावर घ्यायचं. बोलणं हा त्याचा धंदाच आहे. मिस गिल्डियांना माझा नमस्कार सांग. वरच्या खोलीची खिडकी पावसाळी हवेत फुगते, उघडताना खालून गुडघा लावावा लागतो, तेवढं त्यांना दाखव. पलंगाखालच्या पेटीत माझे फुटबॉलचे बूट आहेत, ते टाकून दिलेस तरी चालेल. माझी काळजी करू नकोस.

तुझा, काहीही न लागणारा,
मलाखी

ता. क. बूट टाकू नकोस.

ता. क. दुसरा: आमचे मेयोचे लेफ्टनंट वायरलेसवर विचारत होते, आणखी सहा महिन्यांसाठी राहतोस का? दोनदा नको म्हणालो आहे. आता ते तिसऱ्यांदा विचारणार, आपलेच ना ते. माझं हे नको खरंखुरं आहे हे त्यांना कसं पटवू? घरी कुणीतरी वाट पाहतं आहे असं सांगता आलं तर ते मुकाट्याने ऐकतील.

ता. क. तिसरा: मिस गिल्डियांना खालची खोली दे. तिथे ओल आहे, पण त्या आपल्याच गावाकडच्या असतील तर तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तक्रार करायच्या नाहीत.

ता. क. शेवटचा: आज सकाळी कॅप्टन हेलमिनेन किटली घेऊन समोरून चालले होते. त्यांनी विचारलं नाही. मी कप पुढे केला. ते थांबले, कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काठोकाठ भरला. मग माझ्या शेजारी गोणीवर बसले. तर आत्या, ती बस अजून आलेली नाही आणि तू तिसऱ्यांदा विचारलं आहेस, असं मी धरून चालतो.

हो.