बाटली बंद, फ्रीज चालू

मी, भगवंत सदाशिवराव खेरडे, वय ७६, धंदा शेती व संत्र्याची रोपवाटिका, राहणार शेंदूरजनाघाट, तालुका वरुड, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला अडवील असा माणूस या गावात कधी नव्हता, आणि त्यामुळे काय घडले ते कलम चारमध्ये येईल. यापूर्वी लिहिलेले सर्व रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी माणिकबाई हिच्या हयातीपर्यंत तिच्या एकटीच्या ताब्यात राहील. "आई, आता अमरावतीला चल" असे म्हणून तिला कोणी घराबाहेर काढू नये. तिच्यानंतर घर मुलगा जीवन याचे.

२. तीन एकर संत्र्याची बाग जीवन आणि मुलगी गीतांजली, राहणार राजापेठ, अमरावती, यांना निम्मी निम्मी. गीतांजलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊ नये. २०१८ साली तिच्या लग्नात मी ऐन पंगतीतून शीतपेयाच्या बाटल्या उचलायला लावल्या आणि संत्र्याचा रस वाढला. व्याही अजून ते ऐकवतात, आणि ऐकावे तिला लागते. पोरी, तुझा बाप तेव्हा बरोबर होता, पण तुला आधी सांगायला हवे होते.

३. कलमे बांधायचा चाकू नात हर्षा हिला. जीवनचा हात जड आहे. त्याने वाईट वाटून घेऊ नये. बाकी सर्व मिळकत त्याचीच आहे.

४. मेन रोडवरचा दुकानाचा गाळा, आतल्या बंद फ्रीजसह, श्री. ओमप्रकाश नारायणराव दंढारे, राहणार बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, यांना. कारण सविस्तर लिहितो.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या बागांना धरणाचे पाणी बंद झाले आणि शीतपेयाच्या कंपनीला चालू राहिले. कंपनीचे नाव लिहीत नाही. जे घरात घेतले नाही ते मृत्युपत्रात कशाला घेऊ? आंबिया बहाराची फळे बोराएवढी असताना गळाली. पुढाऱ्यांनी निवेदने घेतली, फोटो काढले. तेव्हा मारुतीच्या पारावर मी म्हणालो की मत देऊन कोणी ऐकत नाही, तर आपण विकत घेणे बंद करू. शपथेचे कागद छापले. पंचक्रोशीत एक बाटली खपली नाही. लग्नात नाही, टपरीवर नाही, लेकरांच्या वाढदिवसाला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी बागांना परत मिळाले. त्या बहिष्काराचा मला मरेपर्यंत अभिमान राहील.

पण ओमप्रकाश यांच्या किराणा दुकानात कंपनीने दिलेला लाल फ्रीज होता, आणि तो चालू असायचा. दिवा दिसायचा. मी त्यांना विचारले नाही. पारावर उभा राहून म्हणालो, "फ्रीज चालू आहे म्हणजे माल आहे. त्याच्या दुकानाची पायरी कोनी चढू नका." कोणी चढले नाही. कंपनी नमली तरी चढले नाही, कारण मी चढा म्हणालो नव्हतो. ते गाव सोडून गेले, आणि तो गाळा मीच विकत घेतला.

ताबा घेतला त्या दिवशी फ्रीज उघडला. आत ओमप्रकाश यांच्या पत्नी सत्यभामावहिनी यांच्या इन्सुलिनची रिकामी खोकी होती. खाली आमचाच शपथेचा कागद, ओमप्रकाश यांची सही, तारीख पहिल्या दिवसाची. बहिष्काराबद्दल नुकताच माझा सत्कार झाला होता. मी फ्रीजचे दार लावले आणि सहा वर्षे गप्प बसलो. मला लाज वाटते. हे कलम माझ्या तेरवीला पारावर मोठ्याने वाचावे.

पुरवणी, सह्यांपूर्वी. मी बोलावल्यावरून ओमप्रकाश आज आले. त्यांनी कलम चार दोनदा वाचले आणि म्हणाले, "भाऊ, तेरवीले कावून? तवा तुमाले कोन काय म्हननार? वाचाचं असंन तं आज वाचा."

मी वहिनींचे विचारले. "ते नाही आली. तिनं तुमाले माफ नाही केलं. मी खोटं कायले सांगू?"

जीवनच्या खांद्याला धरून मी पारावर गेलो. वीसेक माणसे होती, त्यांत आमच्या बहिष्कार समितीचे पाच जण. कलम चार पूर्ण वाचले. मध्ये थांबून पाणी प्यालो आणि पुढे वाचले. समितीतले दोघे उठून गेले. बाकीचे मान खाली घालून बसून राहिले. ओमप्रकाश मागे उभे होते.

घरी आल्यावर त्यांनी पेन मागितला आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवले. सह्यांसाठी आलेल्या वकिलांनी त्यांना थांबवले. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, सही केली तर गाळा सोडावा लागेल, असे समजावून सांगितले.

"मले माईत आहे," ते म्हणाले. "म्हनूनच करून राहिलो. मले गाळा नोको. तुमी वाचलं, ते मी आयकलं, एवढं लिवा."

तसे लिहिले आहे. गाळा आता कलम तीनप्रमाणे जीवनकडे जाईल. फ्रीज तिथून हलवू नये.

ठिकाण : शेंदूरजनाघाट
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : भगवंत सदाशिवराव खेरडे (सही)

वरील मजकुरावर लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार :
१. डॉ. धर्मेंद्र वसंतराव कुकडे (सही)
२. ओमप्रकाश नारायणराव दंढारे, पूर्वी राहणार शेंदूरजनाघाट (सही)