पायांची झीज

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

आजही मागे पडलो! पंधराशे मीटरच्या शेवटच्या चकरेत उमरेडच्या त्या नवख्या पोट्ट्यानं मले असं मागे टाकलं, जसा मी उभाच होतो. पोटऱ्या नुसत्या दगड झाल्या आहेत. शनिवारी नागपुरात राज्याच्या संघाची निवड — अन् वीज केंद्रात पाळी लागली रात्रीची! आमचे प्रशिक्षक शालिकराम सर म्हणतात, अंगात आळस भरला तुझ्या, दोन चकरा वाढव. वाढवतो बाप्पा. आणखी काय करू?

६ फेब्रुवारी

वाढवल्या. पाय आणखीच जड.

शेवटी कॉलनीतल्या डॉक्टरले दाखवलं. पोटऱ्या दाबून पाहिल्या अन् विचारलं, झोपतो किती? म्हटलं, रात्रभर बॉयलरपाशी उभा, सकाळी मैदानावर — झोपू केव्हा? तर म्हणाले, "धावल्यानं पाय झिजतात. ती झीज झोपेत भरून निघते. तू नुसता झिजवूनच राहिला गा."

इतकी साधी गोष्ट! आजवर काहून कोणी सांगितली नाही? सरले सांगितली तर हसले. म्हणे, झोपून शर्यत जिंकलेला माणूस दाखव मले. डोकंच फिरलं माझं.

७ फेब्रुवारी

आजपासून मैदानावर जाणं बंद. ड्युटीवरून आलो अन् सरळ पडलो. पण माय झोपू देईल तर ना! एकदा जेवायले उठवलं. एकदा कोळसेवाल्याशी दारातच हुज्जत घातली. मग कुठं डोळा लागला, तर दिवेलागणी झाली.

"ऊठ गा, दिवा लावून राहिली मी. या वेळेले अंथरुणात लोळलं तर लक्ष्मी दारातून परत जाते."

अरे, माझी ही मध्यरात्र आहे! पण तिले ते पटतच नाही. वीज केंद्राची ही अख्खी कोराडी पाळ्यांवर चालते, अन् तरी घरोघरी हेच.

८ फेब्रुवारी

आज तर पांघरूणच ओढलं. मी ओरडलो. तोंडाले येईल ते बोललो. निवड गेली तर तुझ्यामुळं जाईल, हे सोडून बाकी सगळं बोललो. आता मले कधीच उठवू नको म्हटलं. तिनं दिवा लावला अन् बाहेर पायरीवर जाऊन बसली.

वाईट वाटलं. पण माझं तरी काय चुकलं?

९ फेब्रुवारी

अबोला. ताट वाढते, बघत नाही. मीही बघत नाही. उद्याच्या निवडीचं तिले सांगितलंच नाही. काहून सांगू? दुपारी सर जीप घेऊन येतील. हॉर्न वाजला की उठायचं, तेवढी झोप पुरे.

शेजारच्या पुष्पलतावहिनी म्हणत होत्या, तुमच्या आईनं आज आम्हाले मिरच्याही कुटू दिल्या नाहीत, दिवसभर दारात बसून होत्या. असेल. आज दिवेलागणीलेही उठवलं नाही. पोटऱ्या मोकळ्या वाटून राहिल्या. उद्या दाखवतो त्या पोट्ट्याले!

१० फेब्रुवारी

जाग आली तेव्हा बाहेर अंधार होता.

माय पायरीवरच होती. म्हणाली, "तुझे सर आले होते. हॉर्न वाजवू दिला नाही मी. पोरगं आत्ताच झोपलं म्हटलं, अन् वापस पाठवलं." मग माझ्याकडं पाहिलं. "झाली का गा झोप?"

हो म्हटलं.