बादलीतली चाल

१ तारीख, सकाळी.
नातीच्या शाळेत वीस तारखेला नाटक. पाण्यातून जमिनीवर आलेला पहिला चार पायांचा प्राणी ती झाली आहे. पहिल्या रांगेत बसेन, असा शब्द देऊन बसलो. रस्ता खणलाय, गाडी जात नाही. शाळा आमच्या फाटकापासून चारशे पावलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, मी अजून फाटकही पाहिलेलं नाही. उद्यापासून रोज वीस पावलं वाढवायची. सोपं आहे.

२ तारीख.
ढगाळ. गुडघ्याला ढग आधी कळतात.

४ तारीख.
नातीचं पुस्तक वाचलं. मी सातवीपर्यंत शिकलो, तेव्हा हे नव्हतं. म्हणे पाय आधी पाण्यातच तयार झाले, जमिनीवर चालणं फार नंतर. म्हणजे माझी पद्धतच उलटी होती. दोन्ही पाय कोमट पाण्याच्या बादलीत घालून तासभर बसलो. बरीच प्रगती.

७ तारीख.
व्यायाम शिकवायला येते ती बाई म्हणाली, आजोबा, बादली सोडा आणि उभे राहा. तिला सांगितलं, तुमचं शिक्षण चार वर्षांचं, हे कोट्यवधी वर्षांचं आहे. सूनबाई स्वयंपाकघरात खोकली. हसण्यासारखं खोकते हल्ली.

११ तारीख.
तळपायांना सुरकुत्या. कातडी बदलतेय. मुलाने विचारलं, बाबा, किती पावलं झाली? म्हटलं, पाण्यात पावलं मोजत नाहीत.

१४ तारीख.
नातीला पुढचे पाय हवे होते. माझ्या लोकरीच्या मोज्यांत कापूस भरून शिवले. आता मोज्यांवाचून बाहेर कसं पडणार? नाहीतर आजच निघणार होतो.

१६ तारीख.
नात सांगत होती, माझ्या खुर्चीवर तिने 'आजोबा' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. जेवण गेलं नाही.

१९ तारीख.
दारापर्यंत गेलो. बादली बरोबर असती तर फाटक गाठलं असतं.

२० तारीख, दुपारी तीन.
मुलगा म्हणाला, थांबतो, धरून नेतो. म्हटलं, त्या पहिल्या प्राण्याला कुणी धरलं होतं? तुम्ही व्हा पुढे. सगळे गेले. काठी घेतली. निघालो.

२० तारीख, संध्याकाळी.
न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाक आहे. दोन मिनिटं टेकलो. डोळे उघडले तर समोर नात, तोंड हिरवं, छातीवर माझे मोजे लोंबताहेत. म्हणाली, पाण्यातून बाहेर आले, चार पावलं चालले, पडदा पडला. खुर्चीचं काही बोलली नाही. मीच सांगितलं, दोनशे पावलं चालून आलोय. घरी येताना तिने हात धरला आणि मोठ्याने मोजत आली. फाटकाशी एकतीस झाली.
तिची चार, माझी एकतीस. म्हणजे तिच्या प्राण्याच्या मी पुढेच आहे. तसं तिला म्हटलंही. तिने टाके उसवून मोजे परत दिले.
उजव्याला भोक पडलंय. परवा बघू.