आठ दिवस वर

मंगरूळपीर, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी ऑफिसला निघतानाच अर्धं डोकं ठणकायला लागलं. अर्धशिशीची गोळी पर्समध्येच होती, पण घेतली नाही. पाळीला आठ दिवस वर झाले होते. लग्नाला सहा वर्षं झाली, आठ दिवस कधीच वर गेले नव्हते. गोळी लिहून देतानाच डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "पाळी चुकली तर आधी मला विचारा, मगच घ्या."

रजा टाकली, खिडक्या लावून पडले. हे म्हणाले, "काहून सोसून राह्यली वं? घे ना गोळी." यांना अजून काही सांगितलं नव्हतं. नुसतं "घेतो" म्हटलं. दोनदा उलटी झाली, तीसुद्धा बरी वाटली. वेडीच मी! आठ दिवस, आठ दिवस, एवढंच डोक्यात. दुपारी फोन केला तर बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी तपासणी करू. तोवर ती गोळी नको." केवढा आनंद झाला मला त्या 'नको'चा.

साडेचारला पाळी आली.

परत फोन केला. बाई म्हणाल्या, "आता एक घ्या. दुसरी मात्र मला विचारल्याशिवाय नाही." मग यांना सगळं सांगितलं. यांनी पाण्याचा गिलास हातात दिला आणि शेजारी बसून राहिले.

तासाभरात ठणका थांबला. आता काहीच दुखत नाही. दुखत होतं तोवर मी कोणासाठी तरी सोसत होते.