झाकण न काढलेली दुर्बीण

धुळे, रवि. ६ मे १९५६

आईला घेऊन सिनेमाला. नायक खगोलशास्त्रज्ञ. म्हणजे कोट, चष्मा आणि गच्चीवर तोफेएवढी दुर्बीण. भर दुपारी तारे बघायला बसला आणि दिसली ती समोरच्या गच्चीवर केस वाळवणारी नायिका. पडद्यावर काळं वर्तुळ, वर्तुळात ती, सरळ उभी, गात. आणि दुर्बिणीच्या भिंगावरचं झाकण तसंच! शेवटपर्यंत कोणी काढलं नाही. मी हसले, तर पुढच्या खुर्चीवरच्या बाई वळून बघायला लागल्या. त्या रडत होत्या.

सिनेमातल्या दुर्बिणी बघायचं माझं वेड जुनं. मागे जळगावला एक राजा उलट्या बाजूने डोळा लावून शत्रूचं सैन्य मोजत होता.

आई वाटेत म्हणाली, "तुन्ही शाळानी दुर्बीणमा बी आसंच दिखस का?" म्हटलं, आपल्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, खाली डोकं वर पाय. ती विचारात पडली.

मंगळ. ८ मे

मामा शिंदखेड्याहून आले. स्थळ आणलंय. एरंडोलचे, कचेरीत कारकून, पहिली बायको गेलेली, स्वभाव शांत म्हणे. माझी नोकरी चालेल, वय चालेल. एकच अट. पत्रिकेत मंगळ आहे, तेव्हा आधी कुंभविवाह. म्हणजे माझं लग्न प्रथम एका मडक्याशी लावायचं, मंगळ त्याच्यावर काढायचा, मडकं पांझरा नदीत सोडायचं आणि मग मी मोकळी.

लग्नाचा मला राग नाही. मडक्याचा आहे. मुलींना सूर्यमाला शिकवायची आणि संध्याकाळी मडक्याला हार घालायचा?

पण आईचं तोंड बघवेना. गेली किती वर्षं माझ्यासाठी मंगळवार धरतेय. शेवटी म्हटलं, सप्टेंबरात मंगळ जवळ येतोय, शाळेच्या दुर्बिणीतून त्याला एकदा बघते, मग हो की नाही ते सांगते. मामा म्हणाले, बघून काय होणार? मलाही माहीत नाही. ज्याच्यामुळे सगळं अडलंय तो दिसतो तरी कसा, एवढंच.

शनि. १९ मे

सुट्टी असली तरी संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर जाते. शनीचं कडं फार सुरेख. आज खालून कोणीतरी सिनेमातलं गाणं मोठ्याने म्हटलं. दुर्लक्ष केलं.

शुक्र. २५ मे

दुर्लक्ष करून चालायचं नाही. शाळेच्या मागे नानांचं घर. नाना कापडवाले, आमच्या शाळासमितीवर आहेत. त्यांनी हेडबाईंकडे तक्रार केली. उन्हाळ्यात सगळी आळी धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, झोपते, बायका दिवसभर तिथेच कुरडया-पापड वाळवतात, आणि बाई वरून दुर्बीण लावतात. गावात सिनेमा लागल्यापासून लोक बोलतात.

तीन आठवड्यांपूर्वी हीच दुर्बीण नाना पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.

रवि. ३ जून

समितीला गच्चीवर बोलावलं. माझीच कल्पना. सिनेमातलं खोटं कसं, ते एकदा डोळ्यांनीच बघा म्हटलं. अजून उजेड होता. दुर्बीण नानांच्याच धाब्याकडे फिरवली आणि म्हटलं, लावा डोळा. त्यांची बायको, अक्का, कुरडया गोळा करत होती.

नाना ओरडलेच. "अरे, ही तर उलटी!"

"तेच सांगत होते. अशा दुर्बिणीतून कोण कोणाला न्याहाळणार?"

नाना पुन्हा वाकले. बराच वेळ बघितलं. मग सरळ होऊन म्हणाले, "बाई, उलटी का असेना, दिसते ना? हातातली बांगडीसुद्धा दिसते."

 दुर्बीण समितीच्या कपाटात गेली. किल्ली नानांकडे.

सोम. ४ जून

कोणी सांगितलं होतं धाबं दाखवायला? देवळाचा कळस दाखवला असता. अतिशहाणपणा नडला. दिवसभर स्वतःवर चिडलेली. भाजीत मीठ दोनदा पडलं. आई मुकाट जेवली.

रवि. १५ जुलै

मामांचा निरोप. ते लोक थांबायला तयार आहेत, पण दसऱ्याच्या पुढे नाही. आईला सांगितलं, दुर्बीणच कुलपात, मी काय बघणार आणि काय सांगणार. खरं म्हणजे मनातून थोडं बरं वाटलं होतं. उत्तर द्यायची वेळच येणार नाही.

आईला ते कळलं असावं. माझ्याकडे नुसतं बघितलं.

मंगळ. ७ ऑगस्ट

आई आज एकवीरेच्या देवळातून उशिरा आली. तिथे नानांच्या अक्का भेटतात. दुर्बिणीचं त्यांच्याशीच बोलली म्हणे. दुर्बिणीच्या पायी माझं लग्न अडलंय, असं सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

अक्का काय म्हणाल्या? आधी खूप हसल्या. नवऱ्याने आपल्याला उलटं पाहिलं हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मग म्हणाल्या, "त्यासनी माले दखं, आते मी त्यासले दखसू."

रवि. २६ ऑगस्ट

नाना नरमले. म्हणजे अक्कांनी नरमवले. अट अशी, की दुर्बीण काढताना अक्का हजर पाहिजेत आणि तोंड आकाशाकडेच. चालेल.

आईने त्याच आनंदात कुंभाराकडून मडकं आणून ठेवलं. पूजेला कोरं लागतं म्हणून देवघराशेजारी पालथं घातलंय, पाण्याचा थेंब लागू देत नाही. येताजाता दिसतं.

मंगळ. ११ सप्टें.

ढग. गणपतीचे दिवस, अक्कांना फुरसत नाही. मंगळ सर्वांत जवळ आला तो याच दिवसांत.

गुरु. २० सप्टें.

पुन्हा ढग. उद्यापासून पितृपंधरवडा, मामा आता तो संपल्यावरच येतील. आई रोज अंगणात जाऊन वर बघते. इतक्या वर्षांत मी तिला आकाशाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

मंगळ. २५ सप्टें.

आज उघडलं. दिवेलागणीनंतर आम्ही तिघी गच्चीवर. आईचा उपास. अक्कांनी किल्ली कमरेतून काढली ती तिजोरीची असावी तशी.

मंगळ पूर्वेला, लालभडक. दुर्बीण लावली.  डोळा लावला. अंधार. भिंग फिरवलं. अंधार. ढग आला का म्हणून वर बघितलं, तर मंगळ तसाच जागच्या जागी. पुन्हा अंधार.

अक्का म्हणाल्या, "बाई, ते पुढलं टोपण काढनं पडस का?"

झाकण. मी काढलंच नव्हतं. मे महिन्यात ज्याला हसले होते, त्याने कोट तरी घातला होता.

मग दिसला. मसुरीच्या डाळीएवढा, नारिंगी, काठाशी थरथरता. पुस्तकात डाग दाखवतात, पांढरं टोक दाखवतात. काही नाही, नुसतं धुरकट. याला घाबरून एवढी वर्षं काढली. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

अक्कांनी बघितलं. "इतलासाच शे?"

मग आई. तिला वाकवून, एक डोळा मिटायला शिकवून उभं केलं.  मला वाटलं आता हीसुद्धा म्हणेल, इतकासाच. तिने दुर्बिणीला डोळा लावलेलाच ठेवून हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आते सोड रे बाबा मन्ही पोरले."

मला रडू आलं. अक्का तेवढ्यात दुर्बीण खाली वळवून नानांचं धाबं शोधायला लागल्या. नियम मोडला. 

गुरु. २७ सप्टें.

आईने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हो म्हणावं तर मडकं आडवं येतं, नाही म्हणावं तर तिचे जोडलेले हात.

एरंडोलचा माणूस कसा असेल, हा विचार आज पहिल्यांदा आला. त्याच्याबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं, सगळा वेळ मंगळाचंच चाललं होतं.

गुरु. ४ ऑक्टो.

आज सर्वपित्री. उद्या मामा उत्तर घ्यायला येणार. ऊन मे महिन्यासारखं तापलंय आणि आमच्या जुन्या माठाला तडा गेलाय. दुपारी देवघराशेजारचं मडकं उचललं, धुतलं, पाण्याने भरलं आणि स्वयंपाकघरात तिवईवर ठेवलं.

आई बाहेरून आली. तिवईकडे बघत उभी राहिली. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. थोड्या वेळाने गडू बुडाल्याचा आवाज आला. ती घटाघटा प्यायली.

"गार शे," म्हणाली.

 पाण्याला अजून मातीचा वास येतो. उद्या मामांनाही त्यातलंच देईन.