दर रविवारी एक डोंगर

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पकडलीच! खाम नदीच्या काठावरच्या बागेतली फुलं रोज उजाडायच्या आत कोण ओरबाडून नेतं, याच्यावर मी आठवडाभर पाळत ठेवून होते. साठीची बाई. डोक्यावर पदर, पायात पुरुषी बूट — तेही दोन नंबर मोठे, पाऊल उचललं की टाच बाहेर. हातात दुधाची जुनी पिशवी, तगर, कण्हेर आणि जास्वंदीनं गच्च. जास्वंदीच्या तर कळ्यासुद्धा!

मी विचारलं, बाग कुणाची? म्हणाली, सरकारची. मग फुलं कुणाची? म्हणाली, देवाची. आणि वर मलाच — "मी काय त्यांची भाजी करणारे व्हय?"

बीएस्सीला वनस्पतीशास्त्र होतं माझं. कळी खुडणं म्हणजे झाडाचं काय नुकसान, ते तिला नीट समजावून सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. पलीकडे हास्य क्लबवाले हसायचे थांबले. पिशवी काढून घेतली आणि वॉचमनकडे जमा केली. तो म्हणतो, जाने दो ना मॅडम, सुबे सुबे! नाही जाऊ दिलं.

जाता जाता बाई म्हणाली, "तुमच्या सुनंचं कसं हुईल!" मला सून नाही, मुलगी आहे, असं मी ठणकावलं.

"मंग जावयाचं," ती म्हणाली.

उद्धट.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाई आली नाही. जास्वंदीला आज फुलं टिकली. मोजली नाहीत, पण भरपूर होती.

११ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू!

आज तनुजाला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं — मुलगा विश्वजीत, चिकलठाण्याला कंपनीत इंजिनीअर, मूळचे पिशोरचे, गावी शेती, एकुलता एक. तनुजा एकतीसची झाली. आजवर आलेली सगळी स्थळं हिनं दारातूनच परत पाठवली. याच्याशी मात्र महिनाभर आपणहून फोनवर बोलत होती. म्हणजे जमल्यातच जमा. सकाळपासून मलाच बजावत होती, "आई, आज तोंड सांभाळ."

दार उघडलं. पुढे विश्वजीत, त्याच्या मागे वडील पुंजारामराव, त्यांच्या मागे आई वच्छलाबाई — म्हणजे तीच! तगर-कण्हेर!

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. पुरुषांना काही कळलं नाही, त्यांना कधी कळतं. वच्छलाबाईंनी दोनदा पोहे मागून घेतले. मग उठून गॅलरीतल्या माझ्या कुंड्या एकेक करून बघितल्या. म्हणाल्या, लई छान फुलं आहेत, तुम्ही तोडत नसाल?

निघताना हळदीकुंकू लावायला गेले तर कानाशी वाकून हळूच, "उद्या सकाळी सहाला नदीवर या. एकट्या."

तनुजा म्हणते, काकू किती गोड आहेत ना.

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून या पोरीचं सगळं मी एकटीनं केलं. आणि आता माझ्या तोंडामुळे तिचं मोडलं तर? माफी मागायची मला सवय नाही. उद्या मागावी लागणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

सहाला पाच कमी असताना पोचले. त्या आधीच बाकावर बसलेल्या. मी सुरुवात केली — परवा माझा जरा — तर हात वर करून थांबवलं. माफीचं काय लोणचं घालू, म्हणाल्या. मग विचारलं, पोराच्या आईचा मान असतो ना? असतो, म्हटलं. मनात पैठणी, चांदीचं ताट, काय काय येऊन गेलं.

"मला शालू नको, चांदी नको. दर रविवारी एक डोंगर दाखवा. लग्न होईस्तोर."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं बाहेर आलं. पिशोरहून येऊन वर्ष झालं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय. मुलगा कंपनीत, पुंजारामराव टीव्हीपुढं. एकटं कुठं जायचं? गावाकडं डोंगर होताच की दारात, पण तिथं लाकडं आणायला गेल्या, बकरू हरवलं तर गेल्या. "बघायला म्हनून कधी नाय गेले. आन् इथं मला वळखतं कोण? तो वॉचमन, आन् तुमी. तुमी तर लईच!"

मुलीच्या आईला नाही म्हणता येत नाही. बाई हे पुरतं ओळखून आहे.

तशाच गोगाबाबा टेकडीवर गेलो. मी नियम सांगितला — चढताना बोलायचं नाही, दम लागतो. त्यांनी पायथ्यालाच डबा उघडला. वर जाऊन खायचा असतो, म्हटलं. म्हणाल्या, वर नेऊन तो काय गोड होणार आहे? मग बूट काढून खडे झाडले. मग पुन्हा बूट. मग खाली उतरणाऱ्या एका बाईला गाव विचारलं, ती वैजापूरची निघाली, तर तिच्या नणंदेपर्यंत पोचल्या. मी एकटी असते तर एवढ्यात घरी परत आले असते.

वर पोचल्यावर मात्र गप्प झाल्या. सगळं शहर खाली पसरलेलं. बोटानं आपलं घर शोधत राहिल्या. सापडलं नाही. "येवढं मोठं गाव," एवढंच म्हणाल्या. मी दाखवायचा प्रयत्न केला. मलाही नक्की सांगता आलं नाही.

रात्री पुंजारामरावांचा फोन — मुलगी पसंत. सुपारी तुळशीच्या लग्नानंतर फोडू.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची कामं. डोंगर बंद. सुटका!

२६ ऑक्टोबर, रविवार

लेण्यांचा डोंगर. वच्छलाबाई नवीन बूट घालून आल्या! पाडव्याला पुंजारामराव साडी घेणार होते, यांनी बूट मागितले. नाड्या अशा आवळल्या होत्या, जशी गाय बांधली आहे. सोडून पुन्हा बांधून दिल्या. भर रस्त्यात वाकून. वरमाई!

लेण्यांच्या वरच्या अंगाला कॉलेजची पोरं बसली होती, वेफर्सची पाकिटं इकडे तिकडे. मी गेले आणि नेहमीप्रमाणे झाडलं. पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. मागून वच्छलाबाई आल्या, एकाच्या शेजारी बसल्या, तुझी आई कुठली रे बाळा, तिला काय वाटेल हे बघून, एवढंच. पोरगा कानापर्यंत लाल. पाकिटं गोळा केली, दुसऱ्यांचीसुद्धा. मी रागवायचं, यांनी लाजवायचं — हे चांगलं जमतं. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले, असा जोडीदार एकदाही मिळाला नाही.

उतरताना सुपारीची तारीख विचारली. त्या नाड्यांकडे बघायला लागल्या. होऊ द्या तुळशीचं, म्हणाल्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लग्नाचा विषय काढला की तनुजा मोबाइलमध्ये डोकं घालते. "तू काकूंशी बोल ना." आमच्या वेळी मुली लाजल्या की आत पळायच्या. आता मोबाइल बघतात. फरक तेवढाच.

२ नोव्हेंबर, रविवार

शहरालगतचा सातारा डोंगर. वाट मी दाखवत होते. डावीकडची पायवाट घ्या, म्हटलं. वच्छलाबाई म्हणाल्या, तिकडं बकऱ्यांची लेंडं दिसतात, माणसाची वाट नाही. मी ऐकलं नाही. तासाभरानं आम्ही कुणाच्या तरी तुरीत. शेतमालक धावत आला, काय तोडलं म्हणून. मी! माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली. वच्छलाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मग त्याला म्हणाल्या, "भाऊ, या बाई पानाला हात लावत नाय. मला इचार की."

परत येताना त्यांची पिशवीही मीच घेतली. मुलीची आई म्हणून. जड होती. दोन वेळचा डबा, शिवाय पेरू.

९ नोव्हेंबर, रविवार

म्हैसमाळ. बसनं गेलो. वारा असा की बोललेलं आपल्यालाच ऐकू येईना. कड्याजवळ बसलो आणि वच्छलाबाई म्हणाल्या, एक बोलायचं होतं.

आली मागणी! महिनाभर डोंगर डोंगर करून आता खरं बाहेर येणार. मी म्हटलं, बोला, काय असेल ते स्पष्ट बोला. त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी उचलली, उलटून बघितली, परत ठेवली.

"तुमच्या भाकरी लई जाड हुतात," म्हणाल्या.

एवढंच! इतर कुणी असतं तर भाकरी कशी असते यावर दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. तनुजासाठी गिळलं. शिवाय जाड होतात, हे खरं आहे.

येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. खुलताबादपासून हात बधिर. हलवला नाही. वरमाई, काय करणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुपारीचं अजून नाव नाही. तुळशीचं झालं तर म्हणतात, मार्गशीर्षात बघू. अशानं हॉल मिळायचा नाही. मीच जालना रोडवर दोन मंगल कार्यालयं बघून आले, रिकाम्या तारखा लिहून आणल्या. एकाचा मॅनेजर जेवणावळीत चपला घालून फिरत होता. त्याला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वच्छलाबाई पिशोरला, भाच्याकडे वास्तुशांतीला. एकटीच गोगाबाबावर निघाले. शांतपणे, माझ्या चालीनं, कुणाची बडबड नाही. अर्ध्यातून परत आले. गुडघ्याचं काही नाही. उगाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तनुजापुढे कार्यालयांच्या तारखा ठेवल्या. यातली एक निवड, म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, कसलं लग्न? काकूंनी तुला सांगितलं नाही?"

दोघांनी दिवाळीतच ठरवलं म्हणे, नाही करायचं. भांडण नाही, काही नाही. "पटतं गं आमचं. पण लग्नाएवढं नाही." भाऊबीजेच्या दिवशी विश्वजीतनं घरी सांगितलं. आणि वच्छलाबाईंनी दोघांनाही गप्प केलं — तिच्या आईला मी सांगते, डोंगरावर नेऊन सांगते, तिथं कितीबी वरडल्या तरी शेजारी ऐकत नाय. तनुजाला वाटत होतं, मला कधीच कळलंय. मी चिडले नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं, म्हणे. आणि कार्यालयं बघायला गेले हे तिला ठाऊकच नव्हतं.

भाऊबीज! म्हणजे गोगाबाबा टेकडी तेवढी मानाची. लेणी, सातारा, म्हैसमाळ — सगळे डोंगर फुकट! पिशवी फुकट! नाड्या! आणि तो खांदा!

तनुजाला विचारलं, तुला वाईट वाटतंय का? नाही म्हणाली. तोंड नीट निरखून बघितलं. खरंच नव्हतं वाटत. जेवली, दुसऱ्यांदा भात घेतला आणि झोपायला गेली. मी बसून राहिले. स्थळ गेलं याचं वाईट वाटायला पाहिजे होतं. ते सोडून मनात दुसरंच येत होतं — आता रविवारी त्या बाईंना बोलवायचं कोणत्या नात्यानं?

फोन केला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केला. नमस्कार-चमत्कार न करता सरळ झाडायला सुरुवात केली, पार लेण्यांपासून. दम घ्यायला थांबले तेव्हा बाई म्हणाली, "सांगितलं असतं तर डोंगर बंद झाले असते ना." मग हळूच, "आता मान नाय, काय नाय. नका येऊ."

मी म्हटलं, परवा अंतूरचा किल्ला आहे. सहा म्हणजे सहा. उशीर केलास तर तशीच निघून जाईन.